अठ्ठावन्न किलोंचं संकट

कादंबरीतल्या नायिकेचं वजन सांगायची आपल्याकडे पद्धत नाही. डोळे टपोरे, केस लांबसडक, बांधा शेलाटा, एवढ्यावर लेखक मोकळा होतो. शेलाटा म्हणजे किती किलो, हे विचारायचं नसतं. त्यातल्या त्यात कालिदास प्रामाणिक. यक्षाच्या बायकोची चाल नितंबांच्या भारानं मंदावली आहे, हे त्यानं ‘मेघदूता’त स्वच्छ लिहून ठेवलं. पण त्याच श्लोकात तिची कंबर मात्र बारीक ठेवली. भार कुठे असावा आणि कुठे नसावा, हे कवीनं ठरवायचं आणि यक्षानं विरहात आठवत बसायचं. आमच्याकडे भार आपली जागा आपणच ठरवतो, कवीला विचारत नाही.

ही सगळी झाकपाक हेलन फील्डिंग या ब्रिटिश लेखिकेनं मोडीत काढली. १९९५ साली लंडनच्या ‘द इंडिपेंडंट’ या दैनिकात तिनं ब्रिजेट जोन्स नावाच्या, तिशीतल्या, लग्न न झालेल्या बाईची काल्पनिक डायरी सदर म्हणून लिहायला घेतली. १९९६मध्ये त्याची कादंबरी झाली. डायरीतली नोंद बहुधा हिशेबानं उघडते : आज वजन किती, दारू किती, सिगारेटी किती, कॅलरी किती. प्रेमाचं काय झालं, ते त्यानंतर. रेल्वेच्या फलाटावरचं दिवे लुकलुकणारं वजनयंत्र आठवतं? नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. ब्रिजेटची डायरी त्याच कुळातली. फरक इतकाच, की आपण आधी भविष्य वाचायचो आणि वजनाची बाजू सोबतच्या माणसाला दिसू नये म्हणून तिकीट मुठीत धरायचो.

तर, एक जानेवारीला ब्रिजेटचं वजन भरतं नऊ स्टोन तीन पौंड. तेवढ्यावरून ती हाय खाते. इंग्रजांचा एक स्टोन म्हणजे चौदा पौंड. मी कागद-पेन्सिल घेऊन गणित मांडलं. १२९ पौंड. म्हणजे साडेअठ्ठावन्न किलो. उत्तर पुन्हा तपासलं, तेवढंच आलं. ज्या आकड्याला ही बाई रडते आहे, त्या आकड्यासाठी आमच्या सोसायटीतल्या बायका पहाटे टेकडी चढतात, उपाशीपोटी जिरेपाणी पितात आणि आहारगुरूंपैकी दीक्षितांचं ऐकून दोनदाच जेवावं की दिवेकरांचं ऐकून दर दोन तासांनी खावं, यावर लिफ्टमध्ये वाद घालतात. काही जणी दोघांचाही मान राखतात : दोनदा व्यवस्थित जेवतात आणि मधे दर दोन तासांनी खातात.

गंमत पुढेच आहे. २००१मध्ये या कादंबरीवर सिनेमा निघाला, तेव्हा ब्रिजेट व्हायला रेने झेलवेगर या अभिनेत्रीला मुद्दाम वजन वाढवावं लागलं. आपल्याकडेही २०१६च्या ‘वजनदार’साठी सई ताम्हणकर आणि प्रिया बापट यांनी वजन वाढवलं आणि त्याची केवढी बातमी झाली! आम्ही इतकी वर्षं हेच काम विनामानधन करतो आहोत. आमची बातमी फक्त मंगल कार्यालयात होते, पंगतीच्या दारात उभ्या असलेल्या काकूंच्या तोंडून : “काय गं, चांगलीच सुटलीस!”

ब्रिजेटची गोष्ट फील्डिंगनं जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’वरून उचलली आणि ते लपवलंही नाही. नायकाचं आडनावसुद्धा डार्सीच ठेवलं. ऑस्टिनच्या कादंबरीत नायिका एलिझाबेथचं वजन कुणी विचारत नाही. दिवाणखान्यात बसलेली मंडळी चौकशी करतात ती डार्सीच्या उत्पन्नाची. वर्षाला दहा हजार पौंड! पुढे १८३ वर्षांनी पौंड कायम राहिले, फक्त नवऱ्यामुलाच्या खात्यातून निघून नायिकेच्या कमरेवर जमा झाले.

एवढं असूनही ब्रिजेट आपली वाटते, ती वजनामुळे नव्हे, हिशेबामुळे. एकदा ती मित्रमैत्रिणींना थाटात जेवायला बोलावते, सूपमध्ये घालायच्या जिनसा निळ्या दोरीनं बांधते आणि सूप निळं होतं. अशी बाई कॅलरींची बेरीज मात्र चोख करते. आपणही डब्यातला तिसरा लाडू मोजतो. खायचा थांबवत नाही, पण मोजतो. निदान नोंद राहते.

कादंबरीत एक प्रसंग असा आहे की, त्यासाठी लेखिकेला साडी-चोळी द्यावी. अठरा वर्षं झगडून ब्रिजेट एकदाची मनातल्या आकड्यावर पोचते : आठ स्टोन सात पौंड, म्हणजे चोपन्न किलो. हरखून पार्टीला जाते. तिथे लोक विचारतात, बरी आहेस ना? दमलेली दिसतेस. एक जवळचा मित्र तर सांगून टाकतो की, आधीच छान दिसायचीस. लंडनच्या पार्टीत उभा राहून हा गृहस्थ आमच्या मावशीचंच वाक्य बोलतो : “किती खराब झालीस गं!” म्हणजे सुटलीस तरी बोलणी, वाळलीस तरी बोलणी, आणि अठरा वर्षांच्या उपासाचं उद्यापन हे असं.

वर्षाअखेरी ती ताळेबंद मांडते, तेव्हा जितकं वजन घटलं जवळपास तितकंच वाढलेलं निघतं. म्हणजे आकडा होता तिथेच. मधल्या काळात प्रेम मात्र जुळून आलेलं असतं, आणि त्यासाठी डार्सीनं तिला एकदाही काट्यावर उभं केलेलं नसतं. तीनशेहून अधिक पानं वजन लिहून लेखिकेनं सिद्ध काय केलं, तर वजनाचा गोष्टीशी संबंध नव्हता.

मराठी कादंबरीकारांना म्हणून एक विनंती. पुढच्या नायिकेचं वजन खुशाल लिहा, फक्त किलोत लिहा आणि खरं लिहा. तिला आमरसाची दुसरी वाटी घेऊ द्या. आणि नायकाशी तिची गाठ वजन उतरायच्या आधीच घालून द्या. उतरेपर्यंत वाट पाहायला आमच्यातल्या बऱ्याच जणींना सवड नाही.