डिकीतला दांडा

कोथरूडच्या एका गृहस्थांना पंचेचाळिशीत अचानक शोध लागला, की आपल्या गाडीचं मागचं अंग वळणावर सैल पडतं. गाडी साधी हॅचबॅक, चाकणला जन्मलेली. इतकी वर्षं तिने आंब्याच्या पेट्या वाहिल्या, मुलांना क्लासला सोडलं, गणपतीत कोकण गाठलं, पण सैलपणाची तक्रार कुणी केली नव्हती. मग एका रात्री गृहस्थांनी 'रिअर ब्रेस' नावाच्या वस्तूबद्दल नको इतकं वाचलं. दुसऱ्या दिवशी कर्वे पुतळ्यापाशी डावीकडे वळताना, रिक्षासुद्धा ओव्हरटेक करून जाईल अशा वेगात, गाडीची बॉडी पिळवटल्याचं त्यांना थेट कमरेत जाणवलं.

"आधी कमरेचं बघ," पत्नी म्हणाली.

ब्रेस म्हणजे शेवटी एक दांडा. शॉकअपची वरची टोकं जिथे बॉडीला मिळतात, तिथे डावीकडून उजवीकडे टाकलेला. कल्पना सरळ आहे. वळणावर बाहेरच्या चाकावर भार येतो, तो बॉडीत शिरतो, बॉडी किंचित पिळली जाते आणि चाकांचे कोन कागदावर आखले होते तसे राहत नाहीत. दोन्ही बाजू एकमेकींना बांधल्या की पिळणं कमी. हॅचबॅकच्या बाबतीत या युक्तिवादात दमही आहे, कारण तिच्या पाठीला भलंमोठं भोक असतं. झाकण काढलेला बुटाचा खोका हातात धरून पिळून पाहिला, की मुद्दा लगेच पटतो.

पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत टेल्कोतून निवृत्त झालेले एक काका असतात. कंपनीचं नाव 2003 साली टाटा मोटर्स झालं, पण काका अखेरपर्यंत टेल्कोतच होते. त्यांना साधा प्रश्न विचारणं म्हणजे वसंत व्याख्यानमालेचं पहिलं पुष्प. काकांनी 1949 पासून सुरुवात केली. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरच्या नावाचा स्ट्रट त्या साली फ्रान्समध्ये बनलेल्या फोर्ड व्हेडेट गाडीला बसला. त्यात शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात असतात आणि तो खांब चाकाला उभं धरायचंही काम करतो. त्यामुळे वळणावरचा आडवा जोर त्या खांबाच्या वरच्या टोकापर्यंत पोचतो. "म्हणून पुढे, इंजिनावरून टाकलेल्या दांड्याला अर्थ आहे. मागे स्ट्रट असतील, तर मागच्यालाही आहे. तुझ्या गाडीला मागे काय आहे?"

मागे काय आहे, हे गृहस्थांनी कधी वाकून पाहिलं नव्हतं. काकांनी वाकायला लावलं.

मागे टॉर्शन बीम होता. 1974 च्या पहिल्या फोक्सवागन गोल्फपासून छोट्या गाड्यांत रुळलेली ही व्यवस्था. दोन चाकांना जोडणारी एक आडवी तुळई, आणि ती मुद्दामच पिळली जावी अशी बनवलेली. एक चाक खड्ड्यात गेलं की ती पिळते आणि दुसरं चाक बऱ्यापैकी जागेवर राहतं. गाडी वळणावर कलायला लागली की तीच तुळई तिला आवरते. स्वस्त, आटोपशीर आणि डिकीची जागा न खाणारी. चाकांचा आडवा जोर बॉडीत शिरतो तो तुळईच्या पुढच्या दोन बुशांमधून, मागच्या सीटच्या खाली. स्प्रिंगही पुष्कळ गाड्यांत वेगळी बसवलेली असते. शॉकअपच्या वरच्या टोकाशी उरतो तो शॉकअपचा स्वतःचा धक्का, तोही बहुतांशी उभा. "मग तिथे आडवा दांडा टाकून तू नक्की धरणार कुणाला?" काकांनी विचारलं.

माणूस एवढ्यावर थांबला असता, तर नाना पेठेतले सुट्या भागांचे दुकानदार काय खाणार?

दुकानातल्या मुलाने ब्रेस आणि अँटी-रोल बार एकाच दमात, एकच वस्तू असल्यासारखे दाखवले. वास्तविक दोघांची कामं निराळी. ब्रेस बॉडीला ताठ करतो, बार गाडीच्या कलण्याला अडवतो. टॉर्शन बीमच्या गाडीत मागे जाडसर बार लावला तर फरक खरोखर पडतो. वळणावर सरळ धावू पाहणारं गाडीचं नाक थोडं लवकर आत येतं, आणि ओल्या रस्त्यावर बेत फसला तर शेपूटही बाहेर येते. गृहस्थांना हे कळलं तेव्हा त्यांनी पावसाळ्यातला ताम्हिणी घाट आठवून बारचा विषय तिथेच मिटवला.

मग धातू. ॲल्युमिनियमचा दांडा देखणा होता, चकाकी अशी की त्यात भांग पाडावा. पण त्याच मापाच्या पोलादाच्या तुलनेत ॲल्युमिनियमचा ताठपणा साधारण एक तृतीयांशच असतो. शिवाय तो दांडा मधोमध वाकवलेला होता, आणि वाकलेला दांडा दाबला की आणखी वाकतो. गृहस्थांचा कौल पोलादाला गेला. त्यांची पोलादावरची श्रद्धा जुनी नाही. 2 ऑक्टोबर 2022 च्या मध्यरात्री चांदणी चौकातला जुना पूल सुरुंग लावून उडवला, तेव्हा आतल्या सळयांनी हट्टाने सांगाडा धरून ठेवला आणि उरलेलं काम पोकलेनला करावं लागलं. अर्धं पुणे त्या रात्री जागं होतं. गृहस्थही होते.

गॅरेजवाला शहाणा निघाला. "दादा, लावायचाच तर खालचा लावा," तो म्हणाला. तुळईचे बुश जिथे बॉडीला जोडलेत, त्या दोन जागांमध्ये खालून टाकायचा ब्रेस. जोर जिथून जातो तिथेच बांधलेला. काकांनीही मान डोलावली, म्हणजे हा जवळजवळ आयएसआयचा शिक्का. अडचण एकच होती, की खालचा ब्रेस दिसत नाही. हे गृहस्थ बोलले नाहीत. ते बोलले सोसायटीच्या स्पीडब्रेकरबद्दल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच, ताशी 25 किलोमीटरने आरामात पार व्हावा असा. सोसायटीचा गतिरोधक कमिटीने उरलेल्या सिमेंटमध्ये घडवलेला. रुंदी वीतभर, उंची कमिटीच्या रागाइतकी. खाली लोंबणारं काहीही तिथे घासणार, हे कबूल करणं भागच होतं. वरचा दांडा ठरला.

कायद्याची भीती घालणारेही भेटले. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाचा रोख आहे तो नोंदणी पुस्तकातल्या तपशिलांवर. डिकीत दांडा टाकल्याने तिथला कुठला रकाना बदलावा? विमा कंपनीला मात्र कळवून ठेव, असं काकांनी बजावलं, आणि ते बरोबरच होतं.

बसवण्याचा रविवार उजाडला. डिकीतून छत्र्या, क्रिकेटचं किट, रद्दीचा गठ्ठा आणि गेल्या दिवाळीपासून हरवलेला आकाशकंदील निघाला. अस्तराच्या प्लॅस्टिकच्या क्लिपा काढताना त्यातल्या काहींनी प्राण सोडले. गाडी जॅकवर न चढवता चाकांवरच उभी ठेवली होती. चाकं लोंबकळत असली की शॉकअप ताणलेला राहतो, आणि नट काढताच निसटू शकतो. रबरी टोपण काढून नटाला पाना लावला तर आतला दांडाच गरगर फिरायला लागला. त्याचं टोक छोट्या पान्याने धरून नट फिरवावा लागतो. डावी बाजू बसली. उजवीकडचं भोक दोन-तीन मिलिमीटर चुकलं. मदतनीस पोराने "ठोकतो ना" म्हणून हातोडा उचलला, तो गॅरेजवाल्याने हवेतच थांबवला. दांडा जबरदस्तीने बसवला, तर बॉडीला कायमचा ताण. त्याने कानस घेऊन भोक लांबट केलं, दोन्हीकडचे नट आधी हाताने लावले आणि मग टॉर्क रेंच 'टक' म्हणेपर्यंत आवळले.

चाचणीसाठी चांदणी चौकाचे नवे रॅम्प. 12 ऑगस्ट 2023 ला ते खुले झाले तेव्हापासून तिथे पुणेकराला वळणांची ददात नाही, फक्त उतरायचं कुठे हे कळायला हवं. गृहस्थ कोथरूडसाठी निघाले आणि मुळशीच्या वाटेला लागले. परत आले तेव्हा चेहरा उजळलेला. "जमीन-अस्मानाचा फरक आहे!"

"टायरमध्ये हवा कधी भरलीस?" काकांनी विचारलं.

सकाळीच भरली होती. चारही चाकांत कमी होती. डिकीतली अडगळही घरी राहिली होती. काकांनी मग एक प्रस्ताव मांडला. रात्री त्यांनी मनात येईल तर दांडा काढायचा, नाही तर ठेवायचा. डिकी न उघडता सकाळी गृहस्थांनी गाडी चालवून सांगायचं, दांडा आहे की नाही. गृहस्थांनी पाठदुखीचं कारण सांगून हा प्रयोग पुढे ढकलला, तो अजून पुढेच आहे.

आईने दांडा प्रथम पाहिला तो मंडईतून परतताना. तिने काही न विचारता कोथिंबिरीची पिशवी त्याला अडकवली, मग टोमॅटोची, मग दह्याचा डबा असलेली. घरी येईपर्यंत एकही पिशवी कलंडली नाही. पौड फाट्याच्या खड्ड्यातसुद्धा दही सांडलं नाही. ही बातमी सोसायटीत ब्रेसपेक्षा जलद पसरली. पुढच्या आठवड्यात गॅरेजवाल्याचा फोन आला. "दादा, तुमच्या बिल्डिंगच्या काकू आल्यात, वॅगनआर घेऊन. तसाच दांडा पाहिजे म्हणतात. पण आत सीएनजीची टाकी आहे, आणि विचारतायत, हुक किती लावून मिळतील?"