परत म्हणा, साहेब

आमच्या धाराशिव जिल्ह्यात पुढाऱ्याला बोलायला शिकवावं लागत नाही. माईक दिसला की तो आपोआप ‘व्यासपीठावरील सर्व मान्यवर’ इथून सुरू होतो आणि मान्यवरांची नावं संपेस्तोवर निम्मा मांडव पंगतीला जाऊन बसलेला असतो. २०२० च्या जानेवारीत इथं ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हाही बोलणाऱ्यांची टंचाई पडली नाही. टंचाई आम्हाला फक्त पाण्याची.

पॅथॉलॉजी लॅबचा प्रमुख हा मात्र वेगळाच प्राणी. दिवसभर मायक्रोस्कोपमध्ये डोकं खुपसून बसलेला. पेशींशी त्याचं उत्तम जमतं, कारण पेशी उलट बोलत नाहीत. माणूस समोर आला की त्याची बोबडी वळते. मी याच जमातीतला असल्यामुळे ‘प्रयोगशाळा प्रमुखांसाठी प्रभावी संवादकौशल्ये’ अशा कार्यशाळेचं बोलावणं आलं तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. नाही कसं म्हणायचं, हे त्या कार्यशाळेत शिकवणार होते.

व्याख्याते मोठ्या शहरातून आले होते, भर मे महिन्यात कोट घालून. त्यांचा पहिला मंत्र : ओपन डोअर पॉलिसी. प्रमुखाचं दार सगळ्यांसाठी कायम उघडं असावं. आमच्या दारावर जैविक धोक्याचं चिन्ह आहे, त्याखाली ‘परवानगीशिवाय आत येऊ नये’ आणि त्याखाली मावशींनी खडूनं लिहिलेलं ‘दार लावा. एसी जातो.’ दुसरा मंत्र : समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोला. आता आम्ही समोरच्याच्या शरीरातून निघालेलं काय काय बघून बोलतो, ते कोटवाल्या माणसाला चहाच्या वेळी कुठं सांगत बसायचं? तिसरा मंत्र सँडविचचा. कडू गोष्ट दोन कौतुकांच्या मधे घालून द्यावी. मी मनातल्या मनात करून पाहिलं : ‘साहेब, तुमच्या पेशंटच्या रक्ताचा रंग फार सुरेख आहे, प्लेटलेट सात हजार आहेत आणि फॉर्मवरचं तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे.’ यातलं तिसरं वाक्य कुठल्याच डॉक्टरला खरं वाटणार नाही आणि मग दुसऱ्यावरही त्याचा विश्वास बसणार नाही.

लॅबमध्ये बोलण्याचा खरा कस लागतो तो याच सात हजारांच्या वेळी. जॉर्ज लुंडबर्ग नावाच्या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टनं १९७२ मध्ये ‘पॅनिक व्हॅल्यू’ची कल्पना मांडली. काही आकडे असे असतात की ते छापून, पाकिटात घालून खिडकीत ठेवणं म्हणजे गुन्हा. तिथल्या तिथं फोन उचलायचा आणि उपचार करणाऱ्याला गाठायचं. जगभरच्या लॅबनी हे उचललं. आयएसओ १५१८९ या मानकातही ते आहे : लगेच कळवा, आणि कोणी, कोणाला, कधी कळवलं ते लिहून ठेवा. हे लुंडबर्ग पुढं ‘जामा’ या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक झाले आणि १९९९ मध्ये, क्लिंटनसाहेबांवरचा महाभियोग ऐन रंगात असताना नेमका त्या प्रकरणाला खेटून जाणारा लेख छापला म्हणून त्यांना घरी पाठवण्यात आलं. कधी घाबरायचं ते साऱ्या जगाला शिकवलेला माणूस. मालकांच्या मते त्यालाच वेळ साधली नाही.

पण लुंडबर्गना मराठी येत नव्हतं, ही त्यांची मोठीच सोय. डेंग्यूचे दिवस, रात्रीचे नऊ, लाईट गेलेली, पलीकडच्या दवाखान्यात जनरेटर धडधडतोय.

“सर, प्लेटलेट सात हजार.”

“साठ? बरं बरं. उद्या परत करू.”

“साठ नव्हे सर, सात.”

“तेच म्हणतोय मी, साठ!”

साठ हजारांचा पेशंट रात्रभर बघत ठेवता येतो. सात हजारांच्या पेशंटसाठी त्याच रात्री धावाधाव करावी लागते. हिमोग्लोबिनची तऱ्हा निराळी नाही. ‘तीन पॉइंट दोन’ जनरेटरमधून ‘तेरा पॉइंट दोन’ होऊन बाहेर पडतं आणि पांढरीफटक पडलेली बाई कागदोपत्री ठणठणीत होते. यावर उपाय जुनाच आहे. सांगणाऱ्यानं आकडा फोडून सांगायचा आणि ऐकणाऱ्यानं तो परत म्हणून दाखवायचा. अडचण एवढीच की पंचवीस वर्षं प्रॅक्टिस केलेल्या माणसाला ‘परत म्हणा’ असं सांगणं म्हणजे त्याला दुसरीच्या वर्गात पाढे म्हणायला उभं करणं. “मला मराठी कळतं हो!” हे वाक्य ठरलेलं.

ही गाठ सोडवली आमच्या काकांनी. काका म्हणजे आमचे सगळ्यांत जुने टेक्निशियन. त्यांनी कधीच कुठल्या डॉक्टरला ‘तुम्ही नीट ऐकत नाही’ असं सुचवलं नाही. त्यांनी वहीत एक रकाना आखला. मग फोनवर अगदी गरीब आवाजात : “साहेब, इथं एक रकाना आहे, ‘ऐकणाऱ्यानं काय म्हटलं’ म्हणून. तो रिकामा राहिला तर आमचे मोठे साहेब माझं डोकं खातात. सहाच्या पुढचा सात, हजार. तुम्ही काय म्हणालात म्हणून लिहू?” पलीकडचा माणूस रकान्यावर दया येऊन आकडा म्हणतो. बहुतेक वेळा बरोबर. चुकीचा म्हटला तर काकांना लगेच कळतं, आणि त्यासाठीच तर सगळा खटाटोप. या नाटकात डोकं खाणारा राक्षस मी. लॅबच्या प्रमुखाचा इतका नेमका उपयोग त्या कार्यशाळेत कोणी सांगितला नाही.

काकांची दुसरी विद्या म्हणजे प्रश्न विचारणं. एकदा एका आजीचा रिपोर्ट मशीनमधून बाहेर आला : पोटॅशियम १४, कॅल्शियम जवळजवळ नाहीच. निरोगी माणसाचं पोटॅशियम साडेतीन ते पाचच्या आसपास. चौदाला हृदय कधीच थांबलेलं असतं. म्हणजे विज्ञानाच्या दृष्टीनं आजी वारल्या होत्या. प्रत्यक्षात त्या बाहेरच्या बाकड्यावर बसून पेरू खात होत्या आणि नातवाला फोड देत नव्हत्या.

जाणकाराला हा आकडा बघताच कळतं काय झालंय ते. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए घातलेलं असतं, आणि तेही पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं. त्या ट्यूबमधलं रक्त कोणी लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये ओतलं की पोटॅशियम आभाळाला आणि कॅल्शियम पाताळात. ‘कोणी ओतलं?’ असं मोठ्यानं विचारलं असतं तर उत्तर ठरलेलं : आख्खी लॅब आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत उभी. काका नव्या पोरीजवळ जाऊन एवढंच म्हणाले, “आजींची शीर सापडंना का गं?” पोरगी भडाभडा बोलायला लागली. शीर सरकत होती, रक्त थोडंच आलं, आजी दुसऱ्यांदा टोचू देईनात, आधी जांभळी भरली, मग लाल रिकामीच राहिली, म्हणून त्यातलंच जरासं... काकांनी मान हलवली, आजींना पेरू संपवू दिला आणि लाल ट्यूब घेऊन स्वतः बाहेर गेले. सुई टोचेपर्यंत ते आजींशी नातवाच्या आगाऊपणाबद्दल बोलत होते.

पेशंटला विचारायचे प्रश्न तर शास्त्र म्हणून शिकवायला पाहिजेत. “उपाशी आहात ना?” या प्रश्नाला आमच्याकडे सगळे “व्हय” म्हणतात. नवरात्रात तर फारच ठामपणे. तुळजापूरच्या देवीचे नऊ दिवस कडक उपास धरलेल्या बाईची उपाशीपोटीची साखर दोनशेच्या पुढं लागते, मग चौकशी होते आणि कळतं की पहाटे साबुदाण्याची खिचडी झाली, राजगिऱ्याचा लाडू झाला, केळं झालं. उपास अजिबात मोडलेला नाही. तेव्हापासून आम्ही विचारतो, “रात्री जेवल्यापासून आत्तापर्यंत तोंडात काय काय गेलं?” मग यादी सुरू होते. चहा (‘चहा म्हंजी काय खाणं हाय व्हय?’), गोळी, तंबाखू. एका गृहस्थांना ‘जेवून दोन तासांनी परत या’ सांगितलं होतं. ते तिसऱ्या दिवशी उगवले. “दोन तासांनी या म्हणालाव. झाले की.” यावर वाद घालता येत नाही.

टीबीच्या तपासणीला बेडका लागतो, थुंकी चालत नाही. हा फरक शब्दांत सांगून कोणालाही कळलेला नाही. मावशी सरळ व्हरांड्यात उभ्या राहतात, खोल श्वास घेतात आणि छातीच्या तळातून असं काही खाकरतात की रस्त्यावरची शेरडं थबकतात. पुढचा नमुना हमखास बरोबर येतो.

याच मावशींचा आवाज मात्र रिपोर्ट वाटताना आमच्या मुळावर यायचा. “प्रेग्नन्सीवाल्या कोण?” अशी हाळी खिडकीतून आली की दहा मुंड्या वळायच्या आणि एक खाली जायची. एचआयव्हीच्या बाबतीत तर गुप्ततेसाठी २०१७ चा कायदाच आहे. मी मावशींना तो समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, “आपल्या तेरला गोरोबाकाकांनी काय केलं मग?”

बिनतोड मुद्दा. संतांचा मेळा भरलेला, गोरोबाकाका थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत चाललेले, कोण पक्कं आणि कोण कच्चं ते तपासत. सगळे गप्प बसले, नामदेव तेवढे चिडले आणि भर सभेत रिपोर्ट जाहीर झाला : हे मडकं कच्चं. लॅबवाल्याच्या नजरेनं पाहिलं तर टोचणं नाही, खर्च नाही, निकाल जागच्या जागी. पेशंट पुढं विसोबा खेचरांकडे रेफर झाला आणि सुधारलाही. पण नाव घेऊन, चारचौघांत! मी मावशींना म्हटलं, नामदेवांची योग्यता होती म्हणून ते त्यातून तरले, आपल्या पेशंटांना नंबर द्या. मावशींना ते पटलं. आता त्या नंबर पुकारतात, त्याच आवाजात.

नंबरानं रिपोर्टचा प्रश्न सुटतो, रक्त घेण्याचा सुटत नाही. तिथं नाव लागतं, आणि तेही पेशंटच्याच तोंडून. ‘तुम्ही अमुकबाई का?’ विचारलं की समोरची कोणीही असली तरी मान हलवते. म्हणून आमचा नियम : पूर्ण नाव स्वतः सांगायचं. येरमाळ्याकडच्या एक आजी आल्या. स्वतःचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, मधलं मात्र सांगेनात. नवी पोरगी हट्टाला पेटली : आजी, पूर्ण नाव. आजी म्हणाल्या, कागदावर लिवलंय की. पोरगी म्हणाली, तुम्ही सांगायला पाहिजे. आजींनी सुनेकडं पाहिलं, सुनेनं सासऱ्यांचं नाव घ्यायचा प्रश्नच नव्हता. मागं रांग खोळंबलेली. तेव्हा मावशी पुढं झाल्या : “आजी, उखाण्यात घ्या की!”

आजींनी पदर सावरला, एक हात टेबलावर पट्टी बांधून तसाच राहू दिला आणि खणखणीत आवाजात नाव घेतलं :

“येरमाळ्याच्या डोंगरावर येडाईचं ठाणं,
...रावांचं नाव घेते, पुरे करा तुमचं विचारणं!”

व्हरांड्यात टाळ्या पडल्या. पोरीनं ट्यूबवर लेबल लावलं, नाव तीनही शब्दांत बिनचूक. रांगेतली पुढची बाई भिंतीकडं तोंड करून पुटपुटत, आपला उखाणा जुळवायला लागली होती.