नर्सिंग म्हणे सहा महिन्यांत!

अहो वहिनी, कुठं निघालात? थांबा की जरा. कढीपत्ता हवा होता ना, हा घ्या. पदर सांभाळा, तारेत अडकेल. आणि काय हो, काल तुमच्या नणंदबाई आल्या होत्या ना, भाचीला घेऊन? छे, मी कान लावून बसले नव्हते. पण त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो, त्याला मी काय करणार! ‘सहा महिन्यांत नर्स, नोकरीची हमी’ एवढं मात्र स्वच्छ ऐकू आलं. तेव्हापासून जिवाला घोर लागलाय बघा.

कुठं आहे ती इन्स्टिट्यूट? स्टँडजवळ, मोबाइलच्या दुकानाच्या वर? म्हणजे दोन खोल्या, कोपऱ्यात एक प्लास्टिकचा सांगाडा आणि भिंतीवर नाइटिंगेलबाईंचा फोटो. बरोबर ना? आपली मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. डॉक्टर वॉनलेसनी १८९४ साली इथं दवाखाना काढला, तेव्हापासून पेशंट येतायत ते येतायतच. त्यामुळं असल्या पाट्यांनाही इथं तोटा नाही.

आता नीट ऐका, मग नणंदबाईंना सांगा. सहा महिन्यांत नर्स होत नाही. एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन वर्षं, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षं. बी.एस्सी.ला बारावी सायन्स लागतं, सीईटी द्यावी लागते आणि डिग्री नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची मिळते. एएनएम, जीएनएमला आर्ट्सवाल्या मुलीही जातात. यांतला कुठलाही एक कोर्स पास झाला की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलात नाव नोंदवायचं. तो रजिस्ट्रेशन नंबर आला की ती नर्स. नंबर नसेल, तर नुसता पांढरा कोट. सहा महिन्यांत होते ती असिस्टंट. कागदावर तिला ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ म्हणतात. त्यात कमीपणा काही नाही हं! आमची धाकटी तेच करून पुढं गेलीय. माझं म्हणणं एवढंच, की पैसे कशाचे भरतोय ते घरच्यांना ठाऊक पाहिजे.

धाकटीचं काय झालं, तिची सीईटी हुकली. त्यात यांच्या दुकानाला मंदी. मी म्हटलं, बी.ए. कर. तर म्हणते कशी, “आई, वर्षभर असिस्टंट म्हणून काम करते. फीचे पैसे साठतील आणि आपल्याला हे झेपतंय का तेही कळेल.” मला मेलीला वाटलं, चार दिवस जाईल आणि नाक दाबून परत येईल.

पहिल्या आठवड्यात खरंच जेवली नाही हो. बेडपॅन द्यायचं, लघवीची पिशवी रिकामी करायची, पण ओतण्याआधी किती मिली ते मापून कागदावर लिहायचं. तोंडानं किती गेलं, सलाइन किती गेलं आणि बाहेर किती आलं, सगळा जमाखर्च. पडून असलेल्या पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. आणि स्पंजिंग! मला वाटायचं, ओल्या फडक्यानं अंग पुसलं की झालं. तसं नसतं वहिनी. आधी डोळे, तेही साबण न लावता, नाकाकडून कानाकडं पुसायचे. एका डोळ्याचं फडक्याचं टोक दुसऱ्याला लावायचं नाही. मग चेहरा, हात, छाती, पोट, पाय, पाठ असं क्रमानं. जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा, बाकी अंगावर चादर. पाणी गार झालं, गढूळ झालं, की बदलायचं.

अथणीकडचे एक आजोबा होते. पडद्याआड घेतलं की ओरडायचे, कुणाला हात लावू देत नव्हते. कानडीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती त्यांना. हिनं कँटीनवाल्याकडून दोन-चार शब्द शिकून घेतले. दुखणं म्हणजे नोवु, पाणी म्हणजे नीरु. दुसऱ्या दिवशी हात लावण्याआधी विचारलं, “अज्जा, नोवु?” आजोबा गप. मग स्वतःच हात पुढं केला. घरी येऊन सांगताना असा चेहरा फुललेला, मी म्हटलं, आता ही बी.ए. करत नाही.

पण दवाखानेवाल्यांचंही सांगते. नाव नाही घेणार, भिंतीला कान असतात. एका रात्री स्टाफ कमी होता. इन्चार्जबाई म्हणाल्या, “तेवढं इंजेक्शन सलाइनमधून सोड गं, बघून बघून आलंच असेल तुला.” आली आमची पंचाईत. हो म्हणावं तर पेशंटचा जीव, नाही म्हणावं तर नोकरी. ही म्हणाली, “मॅडम, पेशंटला उचलायला, पुसायला, भरवायला सांगा, रात्रभर करते. इंजेक्शन मला शिकवलेलं नाही आणि माझं नाव कौन्सिलात नाही.” बाईंनी तोंड वाकडं केलं. पुढचा आठवडाभर हिला नाइटच लावली. पण इंजेक्शनचं पुन्हा नाव काढलं नाही. सांगायचं म्हणजे, पेशंट सगळ्यांनाच ‘सिस्टर’ म्हणतात. काही दवाखान्यांना ते सोयीचंच असतं. पगार असिस्टंटचा द्यायचा, काम नर्सचं घ्यायचं. काही वाकडं झालं, की बोट त्या पोरीकडं. तुमची भाची असल्या जागी ‘नाही’ म्हणेल का, ते आधी विचारा.

वर्षानं जीएनएमला नंबर लागला, तोही सरकारी शाळेत. तिथं मुलींना विद्यावेतन मिळतं, थोडं का होईना. पहिलं प्रॅक्टिकल कशाचं असेल, सांगा बघू? इंजेक्शन? कसलं! अंथरूण घालायचं. गादीवर चादर, मधे मेणकापड, त्यावर आडवी चादर आणि प्रत्येक कोपरा पोस्टाच्या पाकिटासारखा दुमडलेला. घरी येऊन सगळ्या गाद्या तशाच करून ठेवल्या. सासूबाई रात्री पांघरुणात शिरल्या, तर पाय आतच जाईनात! “कुणी शिवून ठेवलं गं हे?” म्हणून ओरडायला लागल्या. इंजेक्शन पुढं आलं, तेही आधी संत्र्यावर. महिनाभर आमच्या घरातल्या एका फळाला धड साल नव्हतं.

कचऱ्याचंही खूळ आहे तिथलं. वापरलेला कापूस-ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या जाड डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात. सुईला टोपण परत लावायला कुणी गेली, तर सिस्टर ट्यूटर वर्गाबाहेर काढतात. टोपण लावतानाच बोटात घुसते ना ती! आता आमच्या ओल्या-सुक्या कचऱ्यावरून मला रोज बोलणी बसतात.

मग तो दिव्याचा कार्यक्रम झाला, हातात दिवा घेऊन शपथ घेण्याचा. मी आपली डोळे पुसत बसलेले. नंतर कळलं, ती नाइटिंगेलची शपथ बाईंनी लिहिलेलीच नाही! १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या नर्सिंग शाळेत तयार केली आणि नाव यांचं दिलं. बाई तेव्हा हयात होत्या बरं का. बाकी १२ मे हा त्यांचाच वाढदिवस, १८२० सालचा. त्या दिवशी दवाखान्यात सिस्टर लोकांना गुलाब देतात. गुलाबापेक्षा रिकाम्या जागा भरा म्हणावं. एकेका पोरीच्या गळ्यात किती खाटा घालायच्या!

समोरच्या काकू काय म्हणाल्या, ऐकलंत ना? “बेडपॅन उचलणारी सून कोण करून घेणार?” त्याच काकू आता दर रविवारी बाही वर सारून बीपी बघायला येऊन बसतात. चहाही आमच्याकडंच. मी त्यांना एकदा सुनावलं. म्हटलं, मुंबईच्या कामा हॉस्पिटलातल्या अंजली कुलथे सिस्टर ठाऊक आहेत का? २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी दवाखान्यात शिरले, तेव्हा वॉर्डात वीस गरोदर बायका होत्या. बाईंनी दारं लावून घेतली आणि सगळ्यांना पँट्रीत नेऊन ठेवलं. पुढं त्यांतल्याच कसाबविरुद्ध कोर्टात साक्ष दिली, ती युनिफॉर्म घालून. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढं बोलल्या. त्यांनीही पहिल्या वर्षी बेडपॅनच उचललं असणार! काकू म्हणाल्या, “साखर थोडी कमीच आहे गं चहात.” घ्या आता.

कुकर झाला वाटतं तुमचा, तीन शिट्ट्या मोजल्या मी. जा, पण आधी नणंदबाईंना फोन लावा. भाचीची कष्टाची तयारी असेल, तर पोरगी खुशाल जाऊ दे. असिस्टंट होऊ दे, पण असिस्टंट म्हणूनच. नर्स व्हायचं असेल, तर ॲडमिशनच्या आधी त्या संस्थेचं नाव कौन्सिलच्या यादीत आहे का ते स्वतः बघा, त्यांच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. कुणी बारावीची मूळ मार्कशीट ठेवून घेतो म्हणालं, तर द्यायची नाही, झेरॉक्स द्यायची. आणि पावती घेतल्याशिवाय एक रुपया हातावर ठेवायचा नाही.