१८च्या स्पीडला १२० घोडे

जुनी कार बदलायची म्हणून आमच्या घरात सध्या दोन पक्ष आहेत. एक वॅगनआरचा. त्यात बायको, आई, मेव्हणा, समोरच्या फ्लॅटमधले निवृत्त बँक मॅनेजर आणि दगाफटका करून आमचा मेकॅनिक. दुसरा पक्ष लाल गाडीचा. त्यात मी.

लाल गाडी म्हणजे सेकंडहँड बाजारात सापडलेली एक बुटकी टर्बो हॅचबॅक. पासिंग २०२२चं, फर्स्ट ओनर, एकतीस हजार चाललेली, १२० अश्वशक्ती. फोटो बघितल्यापासून माझी झोप उडाली आहे. बायकोच्या मते झोप वयामुळे उडाली आहे.

मेव्हणा पुण्यात आयटीत असल्यामुळे आकडे खिशात घेऊनच फिरतो. म्हणाला, "भाऊजी, टॉमटॉमचा २०२४चा आकडा आहे. पुण्यात १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं. म्हणजे ताशी १८. त्यासाठी १२० घोडे कशाला?" मुद्दा बिनतोड होता. ताशी १८ हा वेग मी आठवीत असताना सायकलवर गाठत असे, तोही डबलसीट. मी म्हटलं, एक्स्प्रेसवे आहे की. तर तिथे कारला सपाटीवर १०० आणि घाटात ६०ची मर्यादा, आणि २०२४पासून डोक्यावर कॅमेरे. हौसेने जरा पाय दाबला की फोटो मोबाइलवर, पैसे आपले. लग्नाच्या फोटोग्राफरनेही एवढ्या तत्परतेने काही दिलं नव्हतं.

मग मीही हिशोब काढला. वॅगनआर सीएनजीवर किलोमागे ३४ किलोमीटर जाते असा कंपनीचा दावा आहे. छान. पण टाकी डिकीत असते. साध्या पेट्रोलच्या वॅगनआरला ३४१ लिटरची ऐसपैस डिकी, आणि सीएनजीवालीच्या डिकीत बहुतेक जागा अडवून बसलेला गॅसचा गोल पाहुणा. म्हणजे जी गाडी प्रॅक्टिकल म्हणून घ्यायची, तिच्यात गावी जाताना बॅगा मांडीवर. शिवाय पंपावरच्या रांगेत वाचवलेले पैसे टपरीवरच्या चहात जातात ते वेगळंच. हे ऐकून बायको एवढंच म्हणाली, "अहो, मांडी तुमची रिकामीच असते."

आता खरी गोष्ट सांगतो. मजेच्या गाडीला आपल्याकडे शिव्या कोणी देत नाही. उलट सगळे कौतुकच करतात, फक्त विकत घेत नाहीत. गोव्यात वेर्ण्याला सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटांची उघडी गाडी बनायची. नव्वदीच्या अखेरीची गोष्ट. फायबरचं अंग, रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन. दोन सीटा म्हटल्यावर मराठी माणसाचा पहिला प्रश्न, "आणि सासूबाई?" संपला विषय. मग २००१मध्ये फियाटची पालिओ आली. सचिन तिची जाहिरात करायचा. तिच्या १.६ इंजिनाचं नाव काढलं की पन्नाशीतले लोक आजही मान हलवतात, जशी भीमसेनजींच्या जुन्या मैफिलीच्या आठवणीने हलवतात. मान हलवणाऱ्यांपैकी पालिओ घेतलेला एकही मला अजून भेटलेला नाही. त्या मैफिलीला हजर असलेले मात्र भेटतात, मंडपात मावले नसते इतके. २०१५ची अबार्थ पुंटो तर आपल्या रांजणगावची. १४५ घोडे, दहा लाखांच्या आत. पुण्याहून नगरला जाताना खिडकीतून बघून "इथे बनते" म्हणायचं आणि डिझेल स्विफ्टमध्ये पुढे निघून जायचं, अशी आपली निष्ठा. बलेनो आरएस २०१७मध्ये आली, तीन वर्षांत गेली. चाकणची पोलो २०२२मध्ये बंद झाली तेव्हा ज्यांनी अश्रू ढाळले, त्यांच्यातल्या निम्म्या जणांनी बुकिंग केलं असतं तर कारखान्याला ओव्हरटाइम लावावा लागला असता.

यात सरकारचाही हात आहे, आणि गंमत म्हणजे तो मदतीचा आहे. २००६च्या बजेटमध्ये ठरलं की चार मीटरच्या आतली, पेट्रोलवर १२०० सीसीपर्यंतची गाडी ती छोटी गाडी, तिला कर कमी. तेव्हापासून आपल्याकडचे गाडीवाले कंपास घेऊन बसल्यासारखे ३९९५ मिलिमीटरच्या गाड्या काढतात. कुणाची डिकी छाटलेली, कुणाचं नाक दाबलेलं. जोर हवा असेल तर इंजिन मोठं करायचं नाही, त्याला टर्बो लावायचा. म्हणून तर एका लिटरच्या इंजिनातून १२० घोडे निघू लागले. अबार्थने १३६८ सीसी ठेवले आणि जादा कर भरला. सप्टेंबर २०२५पासून तर छोटीला १८ टक्के आणि मोठीला ४० टक्के. म्हणजे सरकारच्या वहीत माझी लाल गाडी आणि बायकोची वॅगनआर सख्ख्या बहिणी आहेत. हा युक्तिवाद मी घरी मांडला. त्यावर आई म्हणाली, "बहिणी असतील, पण एकीला घर सांभाळता येतं."

लाल गाडीचा खरा शत्रू मात्र आई नाही, बायकोही नाही. तो आमच्या सोसायटीच्या गेटवर आडवा पडलेला आहे.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, ताशी २५च्या वेगाने गाडी त्यावरून अलगद जावी. म्हणजे निजलेल्या म्हशीच्या पाठीसारखा, लांबट आणि सुस्त. आमचा गतिरोधक कमिटीने लिफ्टच्या कामातून उरलेल्या दीड पोतं सिमेंटातून घडवला आहे. उंची नियमापेक्षा जास्त, रुंदी एका चपलेएवढी. तो वेग कमी करत नाही, तो माणसाचा पूर्वेतिहास विचारतो. बुटक्या गाड्या त्यावरून सरळ जातच नाहीत. त्या तिरक्या जातात. आधी डावं पुढचं चाक, मग उजवं, मग मधे एक क्षण चालक श्वास रोखून कान खाली लावतो, आणि खालून "खर्रर्र" आलं की त्याचा चेहरा असा होतो, जणू चेंबर गाडीचं नाही, त्याचंच लागलं. वॉचमन हे रोज बघतो. कोणाची कोणती गाडी कुठे घासते हे त्याला तोंडपाठ आहे. बी विंगमधल्या एका तरुणाला तो सल्लाही देतो, "साहेब, मॅडमना उतरवा, मग जाईल." मॅडम उतरतात. गाडी दोन बोटं वर येते, जाते. मॅडम पलीकडे जाऊन पुन्हा बसतात. याला स्पोर्टी जीवनशैली म्हणतात.

एवढं सगळं मान्य करूनही माझं म्हणणं असं आहे, की प्रॅक्टिकल गाडी नावाची वस्तू तरी कुठे अस्तित्वात आहे? समोरचे मॅनेजर घ्या. घरात माणसं दोन, गाडी सात सीटांची. का, तर "कोणी आलं-गेलं तर". चार वर्षांत त्या तिसऱ्या रांगेत देवगडच्या आंब्याच्या पेट्या बसल्या, मखराचे थर्माकोल बसले, एकदा गॅसची शेगडी बसली. माणूस बसल्याचा दाखला नाही. मेव्हण्याची एसयूव्ही बघा. छपरावर रेलिंग, खाली जाड प्लास्टिकची पट्टी, नावातसुद्धा डोंगर. चालतात फक्त पुढची दोन चाकं, आणि तीही मॉलच्या बेसमेंटमध्ये. सनरूफमधून भाचा एकदा बाहेर आला, खंडाळ्याला, धुक्यात, आणि त्याला सर्दी झाली. मी वर्षातून एका रविवारच्या ताम्हिणी घाटासाठी गाडी घ्यायची म्हटलं तर तो पोरकटपणा, आणि हे लोक कधीच न येणाऱ्या पाच पाहुण्यांसाठी घेतात ती दूरदृष्टी. स्वप्न दोघांचंही. त्यांच्या स्वप्नाला घरची संमती आहे, एवढाच फरक.

आणि रोजची गाडी म्हणाल तर ती आमच्याकडे आहेच. खाली पार्किंगमध्ये, स्टँडवर उभी. भाजी तिच्यावरून येते, दळण तिच्यावरून येतं, बायको बँकेत तिच्यावरून जाते, आणि मंडईत तिला जागा मिळते, जी मर्सिडीजला मिळत नाही. मी गेल्या महिन्याचा हिशोब लिहून काढला. जुनी कार एकूण आठ वेळा बाहेर पडली. तीन वेळा आईचे गुडघ्यांचे डॉक्टर, दोन लग्नं, एकदा पेट्रोल भरायला, एकदा धुवायला आणि एकदा बॅटरी उतरू नये म्हणून नुसतीच. पुण्यातल्या घरातली प्रॅक्टिकल गाडी स्कूटर असते. कार ही हौसच, मग ती निळी-करडी आणि उदास का घ्यायची?

बायकोने कागद वाचला आणि बोट ठेवलं ते नेमकं पहिल्या ओळीवर. गुडघे.

तिथे माझं तोंड बंद झालं. वॅगनआर उंच आहे, तिच्यात आई खुर्चीत बसावं तशी बसते आणि खुर्चीतून उठावं तशी उतरते. मेव्हण्याच्या मुलाच्या बुटक्या गाडीतून एकदा तिला उतरवताना दोघं बाहेरून ओढत होते, एक आतून ढकलत होता, आणि आई मधे लटकलेल्या अवस्थेत शांतपणे म्हणाली होती, "विहिरीतनं काढायचं असेल तर दोर तरी सोडा रे."

तरी रविवारी लाल गाडी बघायला गेलोच. "चल, नुसतं फिरून येऊ" म्हणून आईलाही जुन्या गाडीत घालून नेलं, घरी एकटी नको म्हणून. कोथरूडचा तिशीतला मुलगा. गाडी पुसून ठेवली होती. मला आपादमस्तक बघून विचारलं, "काका, मुलासाठी बघताय का?" मी म्हटलं, नाही, वडिलांसाठी. तो हसला नाही. का विकतोय विचारलं तर खाली बघत म्हणाला, "बाळ झालंय. स्ट्रोलर डिकीत जात नाही. सासऱ्यांनी वॅगनआर बुक केलीय." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पुरुषांच्या आयुष्यात असे क्षण थोडे येतात.

टेस्ट ड्राइव्हला आई पुढे बसली. बसणं सोपं असतं, गुरुत्वाकर्षणाची मदत असते. चांदणी चौकाच्या पुढे आल्यावर रस्ता जरा मोकळा मिळाला. मी तिसरा गिअर टाकून पाय दाबला. टर्बो आधी क्षणभर विचार करतो, आणि मग मागून कोणीतरी लाथ घातल्यासारखी गाडी सुटते. आईने दाराचं हँडल धरलं. मी पाय उचलला. भूगाव येईपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. मागे तो मुलगा आपल्या गाडीकडे शेवटचं बघत बसला होता.

भूगावात गाडी बाजूला घेतली आणि म्हटलं, "उतरतेस का जरा? चहा घेऊ. मी धरतो."

आई पुढे रस्त्याकडे बघत म्हणाली, "उतरायचा त्रास आत्ताच कशाला? पुढे काय लागतं?"

"पिरंगुटचा घाट."

"मग चल की."