मूळ गाव कुठलं?

पूर्वी कोणी सिनेमा बघून आलं की लोक फक्त "कसा आहे?" एवढंच विचारायचे. तोही "बरा आहे" नाहीतर "पैसे फुकट" म्हणून मोकळा व्हायचा. आता सिनेमाची चौकशी स्थळाच्या चौकशीसारखी होते. मूळ कुठलं? मल्याळम? वा, घराणं चांगलं आहे. तेलुगू? ठीक आहे, पण आवाज फार. कोरियन? मग ते सांगूच नका, आमच्याकडे सगळ्यांनी सबटायटल लावून बघितलाय. तुम्ही अडीच तास बसलात, मध्यंतरात घरातल्या कुकरच्या किमतीचे पॉपकॉर्न खाल्लेत, शेवटी डोळेही पुसलेत, त्याला काडीची किंमत नाही. आमची पुतणी एकच प्रश्न टाकते, "काका, ओरिजिनल बघितलाय का?" नाही म्हटलं की आपलं मत तिथल्या तिथे बाद.

आमच्या मेहुण्यांचं मत त्या मानानं टिकाऊ. कुठल्याही सिनेमाला चालतं. "दाजी, पहिला जास्त चांगला होता." सीक्वेल असो, रिमेक असो, मुख्यमंत्री असो, वाक्य तेच. गेली अनेक वर्षं या एका वाक्यावर त्यांनी समीक्षक म्हणून घरात दबदबा राखला. त्याला तडा गेला तो २०२५ च्या दसऱ्याला. 'कांतारा' आला २०२२ मध्ये आणि त्याच्या आधीची गोष्ट सांगणारा 'कांतारा चॅप्टर १' आला तीन वर्षांनी. मेहुणे थेटरातून बाहेर आले आणि सवयीनं म्हणाले, "पहिला जास्त चांगला होता." पुतणी म्हणाली, "मामा, हाच पहिला." मेहुणे म्हणाले, "म्हणजे दुसरा चांगला होता." "दुसरा तुम्ही तीन वर्षांपूर्वी बघितलात." त्या दिवशी ते जेवताना गप्प होते.

मराठीत तर याहून अवघड प्रकार झाला आहे. 'टाइमपास' २०१४ चा. पुढच्याच वर्षी 'टाइमपास २' आला, त्यात दगडू-प्राजू ही जोडी थोराड झालेली. मग २०२२ मध्ये 'टाइमपास ३' आला, तो या दोन सिनेमांच्या मधला. म्हणजे दगडू आधी वाढला, मग मोठा झाला आणि मग परत कॉलेजात गेला. मुंबई विद्यापीठाच्या निकालांची सवय असलेल्या प्रेक्षकाला यात काही वावगं वाटलं नसावं.

प्रीक्वेलची अडचण अशी की त्यात जीव कोणाचाच जात नाही. ज्यांना पुढच्या भागात काम आहे त्यांना दरीत फेका, वाघापुढे टाका, ते परत येणारच. 'मुफासा' बघताना शेजारचं सात-आठ वर्षांचं पोर आईला समजावत होतं, "घाबरू नको गं, हा आत्ता मरत नाही, तो मोठा झाल्यावर मरतो." मुफासा कसा मरतो हे १९९४ पासून जगाला ठाऊक आहे. २०१९ मध्ये तो परत मेला. त्या सिनेमाला लाइव्ह अॅक्शन म्हणायची पद्धत पडली, मात्र पडद्यावरचा एकही प्राणी जिवंत नव्हता, सगळे संगणकातले. मग २०२४ मध्ये त्याचं बालपण निघालं. हिंदीत मोठ्या मुफासाला शाहरुख खानचा आवाज, सिंबाला थोरल्या मुलाचा, छोट्या मुफासाला धाकट्याचा. जंगलाचं राज्य वंशपरंपरेनं चालतं हे यापेक्षा प्रामाणिकपणे कोणी दाखवलं नसेल. आता फक्त 'शोले'चा प्रीक्वेल यायचा राहिलाय. त्यात ठाकूरला दोन्ही हात असतील आणि तो तीन तास काहीतरी उचलून दाखवत राहील.

सीक्वेलवाल्यांचं बरं असतं, त्यांना फक्त वाहन बदलावं लागतं. 'नवरा माझा नवसाचा'मध्ये मंडळी एसटीनं गणपतीपुळ्याला निघाली होती. २०२४ च्या दुसऱ्या भागात ती कोकण रेल्वेनं गेली. तिसऱ्या भागात मुंबई-गोवा महामार्गानं न्यायचा कोणाचा विचार असेल तर त्यांनी घाई करू नये. चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. आज निघालं तर मध्यंतरापर्यंत जेमतेम पेण येईल.

पण आमचा खरा जीव रिमेकमध्ये. आणि रिमेकमध्ये 'दृश्यम'ला तोड नाही. जितू जोसेफचा मल्याळम 'दृश्यम' २०१३ चा. मग तो कन्नड झाला, तेलुगू झाला, तमिळ झाला, हिंदी झाला, श्रीलंकेत जाऊन सिंहली झाला आणि २०१९ मध्ये चिनी झाला. चौथी नापास केबलवाला, त्याला एकच व्यसन, सिनेमे बघायचं. त्या सिनेमांच्या जोरावर तो पोलीस खात्याला गुंडाळतो. नुसते सिनेमे बघून माणसाला अक्कल येते असं सांगणारा सिनेमा प्रत्येक देशातल्या सिनेमावाल्यांना आवडणार, यात नवल नाही. फक्त चिन्यांनी शेवटी नायकाला गुन्हा कबूल करायला लावलं. तिथे फाइल उघडी ठेवायची पद्धत नसावी.

हिंदी 'दृश्यम' गोव्यात आला, तोही आपल्या निशिकांत कामतांच्या हातानं. 'डोंबिवली फास्ट' करणारा आणि मग तोच सिनेमा तमिळमध्ये स्वतःच परत करणारा हा दिग्दर्शक. त्यामुळे घर हलवताना काय न्यायचं आणि काय मागे ठेवायचं हे त्याला बरोबर कळायचं. मूळ मल्याळम गोष्टीत नायकाच्या बनावाची तारीख दोन ऑगस्टची. हिंदीत ती दोन ऑक्टोबर झाली, आणि आता दर गांधी जयंतीला अख्खा देश बापूंच्या आधी नायक विजय साळगावकरच्या पणजीच्या सत्संगाची आठवण काढतो. तारीख बदलणाऱ्याला गोवा नीट समजला होता. दोन ऑक्टोबरला तिथे ड्राय डे. गोव्यात ड्राय डेला माणूस सत्संगाला गेला होता, ही सबब कुठलंही कोर्ट मान्य करील.

माझा आक्षेप पावभाजीला आहे. नीट बघा. साळगावकर आडनावाचा गृहस्थ बायको आणि दोन मुलींना घेऊन पणजीला जातो, बसची तिकिटं जपतो, हॉटेलचं बिल जपतो, सिनेमाच्या तिकिटाचे तुकडे जपतो आणि जेवतो काय, तर पावभाजी! पणजीत! सुंगटं नाहीत, इसवण नाही, निदान शिवराक म्हणून पातळभाजी-पाव तरी? छे. तव्यावरची, वर लोण्याचा गोळा ठेवलेली पावभाजी. चौकशीला बसलेल्या आयजी मीरा देशमुख. बाई हुशार, नजर घारीची. तिकिटांचे क्रमांक तपासले, कंडक्टरला बोलावलं, थेटरवाल्याला बोलावलं. पण घाटावरच्या असाव्यात. एखादी म्हापशाची हवालदारीण बाजूला उभी असती तर तिथेच म्हणाली असती, "मॅडम, हा माणूस खोटं बोलतोय." सिनेमा पाऊण तासात संपला असता. दुसरा भाग निघालाच नसता.

आता 'सैराट'च्या करमाळ्याकडे वळू, कारण तिथली गोष्ट गमतीची राहत नाही.

'सैराट' २०१६ चा. शंभर कोटींच्या हिशेबाशी मराठी सिनेमाची ओळख त्यानं करून दिली आणि हिशेब कळला तशी सगळ्यांना गोष्टही आवडली. कन्नडमध्ये झाला, तिथे नायिका म्हणून रिंकू राजगुरूलाच नेलं. पंजाबीत झाला, ओडियात झाला, बंगालीत झाला. २०१८ मध्ये हिंदीत 'धडक' झाला. करमाळ्याचं उदयपूर झालं. ऊस गेला, तलाव आले. विहिरीच्या जागी महाल आले. पळून जायचं हैदराबाद होतं ते कोलकाता झालं. 'झिंगाट'ची चाल तशीच उचलली, कारण वरातीला जात लागत नाही असा एक समज आहे.

आणि मधल्या मधे जात उतरवून ठेवली. तपासनिसानं सामान जास्त झालं म्हणावं आणि कुटुंबानं नेमकी तीच पेटी फलाटावर सोडावी, तसं. 'सैराट'मध्ये पाटलाची पोर आर्ची ट्रॅक्टर चालवत प्रियकर परश्याच्या दारात येते, तेव्हा त्या दारातली माणसं कुठे उभी राहतात, कशी बघतात, हे एकदा बघा. कोणी कोणाची जात विचारत नाही, सांगतही नाही. ट्रॅक्टरवर कोण बसलंय आणि खाली कोण उभं आहे, एवढ्यात सगळं आलं. 'धडक'मध्ये जात ओझरती येते आणि पाहुण्यासारखी चहा घेऊन जाते. उरतं काय, तर श्रीमंत मुलगी, गरीब मुलगा आणि वडिलांची निवडणूक. हे तर आपण राज कपूरपासून बघत आलोय. मग शेवटाशी काय करायचं हा प्रश्न पडला. मूळ सिनेमात दोघंही संपतात आणि लेकरू उरतं, रक्तातून चालत बाहेर जातं. हिंदीत मुलगा आणि लेकरू संपतात, मुलगी उरते. कोणाला मारलं हे कळतं, का मारलं हे आठवायला 'सैराट' बघून आलेलं असावं लागतं.

आता पुढची गंमत. २०२५ मध्ये 'धडक २' आला. मेहुण्यांनी जायच्या आधीच सांगून टाकलं की पहिला जास्त चांगला होता. पण 'धडक २'चा 'धडक'शी काही संबंधच नाही. तो मारी सेल्वराजच्या 'परियेरुम पेरुमाळ' या २०१८ च्या तमिळ सिनेमाचा रिमेक. म्हणजे सोलापूर जिल्ह्यातला सिनेमा घेऊन त्यातली जात काढली, सात वर्षांनी तमिळनाडूतून दुसरी आणली आणि मराठीवरून बेतलेल्या हिंदी सिनेमाचा नंबर तमिळवरून बेतलेल्या हिंदी सिनेमाला चिकटवला. महसूल खात्यातही सातबारा इतका फिरत नाही. एवढं करून सेन्सॉर बोर्डानं कात्री लावली ती बहुतेक आणलेल्या मालालाच. मी म्हणतो, करमाळ्याहून आणायला भाडं तरी कमी पडलं असतं.

रिमेकला नावं ठेवणाऱ्यांना आमच्या पुतणीनं एकदा गप्प केलं होतं. तिचं म्हणणं, आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनीही रिमेक केला. 'राजा हरिश्चंद्र' आला १९१३ मध्ये आणि चारच वर्षांत फाळक्यांनी तीच गोष्ट परत काढली. १९३२ मध्ये मराठी बोलपट जन्माला आला तोही 'अयोध्येचा राजा', म्हणजे तोच हरिश्चंद्र, आता बोलणारा. शिवाय प्रभातनं तो हिंदीतही करून ठेवला. राज्य देऊन, बायको आणि मुलगा विकून झालेल्या माणसाची गोष्ट आपण तीन वेळा विकली. यावर मेहुणे म्हणाले, "१९१३ चा जास्त चांगला असणार." कोणी वाद घातला नाही.

आणि तसं बघितलं तर 'अशी ही बनवाबनवी' तरी आपली कुठे? हृषीकेश मुखर्जींचा १९६६ चा 'बीवी और मकान' हे तिचं मूळ गाव. पण आज त्या गावाचा रस्ता कोणाला माहीत नाही. १९८८ मध्ये सरपोतदारांनी बाहेर काढल्यावर धनंजय माने पुण्यात खोली शोधायला निघाले, काळभोरबाईंच्या घरात दोन पुरुष साडी नेसून शिरले आणि त्या दिवसापासून हा सिनेमा इथला रहिवासी झाला. कारण सोपं आहे. पुण्यात बिनलग्नाच्या पोरांना खोली न मिळणं हे दुःख आयात करावं लागत नव्हतं, ते कोपऱ्याकोपऱ्यावर उभं होतं. आजही आहे. सोसायटीच्या फाटकावर 'बॅचलर्सना प्रवेश नाही' असं लिहिलेलं असेपर्यंत या सिनेमाला रहिवासी दाखल्याचं नूतनीकरण लागणार नाही.

२०२३ चा 'श्यामची आई' मात्र मी मुकाट्यानं बघितला. अत्र्यांच्या १९५३ च्या सिनेमाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेलं. त्याच्या पाठीवर उभं राहायचं म्हणजे छाती लागते. सुजय डहाक्यांनी तोही कृष्णधवलच ठेवला. आमच्या मागच्या रांगेत मात्र कुजबुज झाली की रंग बिघडलाय, कोणीतरी बाहेर जाऊन ऑपरेटरला सांगा.

आता तर रिमेक करायचेही कष्ट नकोत, असं निर्मात्यांच्या लक्षात आलंय. जुनाच सिनेमा परत लावायचा. 'तुंबाड' २०२४ मध्ये परत लागला आणि २०१८ च्या मूळ कमाईला मागे टाकून गेला. हाव किती वाईट हे सांगणाऱ्या सिनेमानं दुसऱ्यांदा जास्त पैसे मिळवावेत, याला त्यातला हावरा देव हस्तर हसला असेल. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याच्याही पुढचं पाऊल पडलं. 'रांझणा'ची तमिळ आवृत्ती परत लावताना त्याचा शेवट कृत्रिम बुद्धिमत्तेकडून बदलून घेतला. मेलेला नायक जिवंत केला. दिग्दर्शक ओरडला, धनुष ओरडला, पण नायक डोळे उघडून बसला तो बसलाच.

ही बातमी वाचल्यापासून आमच्या घरात मागण्यांची यादी लागली आहे. बायकोला आर्ची-परश्या जिवंत हवेत. पोराला मुफासा. मेहुण्यांना 'कांतारा'चे भाग एकदाचे ओळीनं हवेत. माझी मागणी लहान आहे, 'नटसम्राट'च्या शेवटी गणपतराव बेलवलकरांना म्हाडाच्या लॉटरीत घर लागू द्यावं. मूळ नाटकाला धक्का बसेल अशी भीती पुतणीनं घातली, पण ती बांधकाम क्षेत्रात नवी आहे. ताबा मिळून दोन वर्षं होतात न होतात तोच इमारत पुनर्विकासाला जाईल, बिल्डर भाडं थकवील आणि दुसऱ्या भागात म्हातारा पुन्हा रस्त्यावरच.