मी काही बोलणार नाही

पावसाळा लागला, वह्यांना कव्हरं चढली, की आमच्या वांगणीच्या सरांच्या अंगात येतं. पेपर तपासायचे राहतात, गॅसचा नंबर लावायचा राहतो, आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी लोखंडी टेप येऊन बसते. ती थंडी पडेपर्यंत तिथंच. वजनानं खिसा उसवतो. वहिनींनी तो दोनदा शिवून दिला. तिसऱ्यांदा सुई-दोराच सरांच्या हातात ठेवला.

निमित्त असतं राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेचं. 1993 पासून ती देशभर भरते. 10 ते 17 वर्षांच्या मुलांनी आपल्याच गावातला एखादा प्रश्न हेरायचा, मोजमाप करायचं, चार माणसांना विचारायचं, उपाय सुचला तर करून बघायचा आणि सगळं आपल्या भाषेत मांडायचं. ठाण्याच्या जिज्ञासा ट्रस्टनं महाराष्ट्रात वर्षानुवर्षं हा गाडा ओढला आहे. यात शिक्षकाचं काम एकच, मार्गदर्शन. म्हणजे उत्तर सांगायचं नाही, फक्त विचारायचं. जन्मभर फळ्यापुढं उभं राहून उत्तरंच सांगत आलेल्या माणसाला असं सांगणं म्हणजे भजनीबुवांना टाळ न वाजवता मांडी घालून बसवणं.

‘मी काही बोलणार नाही’ हे सरांचं ब्रीद. न बोलण्याबद्दल इतकं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मुलं चुकायला लागली की आधी चष्मा निघतो, मग पुसला जातो, मग खोकला. खोकल्याचेही प्रकार आहेत. एकदा खोकले तर ‘पुन्हा मोज’. दोनदा खोकले तर ‘वही काढ’. हे मुलांना ठाऊक आहे, पण सरांना वाटतं आपण पूर्ण तटस्थ आहोत.

ओडिसी ऑफ द माइंडचं नाव त्यांच्यासमोर चुकूनही काढू नका. कर्जत लोकल बदलापूरहून सुटलेली असली तर वांगणी येईपर्यंत तुमची सुटका नाही. अमेरिकेत न्यू जर्सीला सॅम मिकलस या प्राध्यापकांनी 1978 साली ही स्पर्धा सुरू केली. सातजणांपर्यंतचा संघ. एक कोडं महिनोन् महिने सोडवायचं, दुसरं तिथल्या तिथं. सरांना त्यातलं सगळ्यात काय आवडतं, तर बाहेरच्यांची मदत चालत नाही, मोठ्या माणसानं हात लावला तर गुण कापतात. “ऐकलंत? गुण कापतात!” हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो, तो त्यांच्या थोरल्याला नोकरी लागली तेव्हाही नव्हता.

त्याला कारण आहे. दरवर्षी एक तरी बाप येतो. कपाळाला घाम, काखेत थर्माकोलचं धरण, त्यात निळे दिवे, बटण दाबलं की पाणी फिरतं. मागून मुलगा येतो, मोकळ्या हातानं, कुरकुरे खात.

“वा!” सर म्हणतात. “सुरेख झालंय. आपलं वय काय?”

“बेचाळीस. का हो?”

“नाही, आमच्याकडे सतरापर्यंतच घेतात.”

बाकी वेळी सर मवाळ. पण ‘साधारण’ हा शब्द ऐकला की त्यांचा पारा चढतो. “आज गाडी साधारण लेट आहे” असं मी एकदा प्लॅटफॉर्मवर म्हणालो. त्यांनी खिशातून डायरी काढून गेल्या आठवड्याची प्रत्येक दिवसाची मिनिटं वाचून दाखवली, तेवढ्यात गाडी आली आणि आम्हा दोघांनाही बसायला मिळालं नाही. मुंबईहून लोक वांगणीला काळोख्या रात्री तारे बघायला येतात. सर मात्र सदा खाली बघत चालतात. गटाराचं झाकण, मुंग्यांची रांग, कोणीतरी फेकलेली बाटली. कुठं काय मोजता येईल याचा नेम नाही.

27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे पुरात अडकली आणि हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले, तेव्हा अख्खं गाव तिकडे होतं. कोणी पाणी नेत होतं, कोणी बिस्किटांचे पुडे. सरांनीही नेले. पण पाणी ओसरल्यावर लोक घरातला चिखल उपसत होते, तेव्हा हा गृहस्थ पोरांना खडू देऊन घरोघर पाठवत होता. भिंतीवरची ओल कुठवर आली, जमिनीपासून किती सेंटिमीटर, घरमालकाचं म्हणणं काय. एका आजीनं त्या पोरांना आधी झाडू दिला, मग खडू चालवू दिला. सरांनी झाडण्याचीही नोंद घ्यायला लावली.

मी जवळून पाहिला तो पिशव्यांचा प्रकल्प. वांगणीला रोपवाटिका उदंड. रोप घरी जातं, कुंडीत लागतं, पण ते ज्या काळ्या पिशवीत वाढलं तिचं पुढं काय होतं? हा प्रश्न सातवीतल्या एका मुलीनं काढला. पाच पोरं आठवडाभर रस्त्याकडेच्या पिशव्या गोळा करून सरांच्या गॅलरीत आणत होती आणि वाण्याकडून उसना आणलेला काटा लावून वजनं लिहीत होती. आकडे भरभक्कम येत होते. येणारच. पिशव्यांना ओली माती तशीच चिकटलेली! सरांना ते पहिल्याच दिवशी दिसलं. त्यांनी चष्मा पुसला. ते खोकले. ते उठून आत गेले, पाणी प्यायले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. वहिनी मला हळूच म्हणाल्या, “सांगून टाका म्हणावं, नाहीतर बीपी वाढेल.” सर म्हणाले, “मी काही बोलणार नाही.” चौथ्या दिवशी ऊन पडलं. आदल्या दिवशीचीच पिशवी त्या मुलीनं पुन्हा काट्यावर ठेवली आणि ओरडली, “सर, ही रात्रीत हलकी झाली!” मग कुजबुज, मग वाद, मग एकानं फडकं आणलं. धुऊन, वाळवून सगळी वजनं पहिल्यापासून.

सरांनी त्या संध्याकाळी सगळ्यांना वडापाव खिलवले आणि आधीची चुकीची पानं फाडू दिली नाहीत. “चुकलेलं पानच खरं,” म्हणाले. एवढंच बोलले. त्यांच्या मानानं फारच कमी.

वहिनींबद्दल लिहायलाच हवं. त्यांच्या फ्रीजमध्ये मधला कप्पा विज्ञानाचा. ‘खाऊ नये’ अशा चिठ्ठ्या लावलेले डबे. एकदा पाहुण्यांनी त्यातलं दही खाल्लं. काही झालं नाही, पण प्रयोग वाया गेला म्हणून सर दोन दिवस पाहुण्यांशी तुटक वागले. “आमच्याकडे विज्ञान आत असतं आणि दूध बाहेर नासतं,” असं वहिनी म्हणतात, आणि मुलं आली की न विचारता पोह्यांची परात काढतात.

खरा पेच नावांचा. पूर्वी पाच मुलांचा गट चालायचा, पुढं नियम बदलून दोघांवर आला. राबली पाच, नावं दोन. इथंही सर बोलले नाहीत. पोरांनाच ठरवू दिलं. भांडणं झाली, एक जण रुसून घरी गेला, परत आला. शेवटी त्यांनी निवडली ती, जिला न अडखळता बोलता येतं, आणि तो, जो कल्याणच्या पुढं कधी गेलाच नव्हता. हा निकष कुठल्याच पुस्तिकेत नाही. सरांनी तो वहीत जसाच्या तसा लिहायला लावला.

जिल्ह्याला परीक्षकांनी विचारलं, पिशवी परत घ्यायला रोपवाटिकावाले तयार होतील का? मुलगी म्हणाली, “तिघांना विचारलं. एक हो म्हणाले, एक नाही म्हणाले, एकांनी चहा दिला.” परीक्षक हसले. निवड मात्र झाली नाही. परतीच्या गाडीत सर विचारत होते, चहा देणाऱ्याला हो धरायचं की नाही, आणि कल्याण कधी गेलं ते त्या मुलाला कळलंही नाही.

असे एक सर तुमच्याही गावात असतील. तुमच्या पोराला ते घेऊन बसले तर मधे पडू नका. थर्माकोल आणू नका. घरात काटा असेल तो द्या, जुनं फडकं द्या, आणि फ्रीजचा एक कप्पा रिकामा करा.