खवणाऱ्यानं ऐकायचं

आमच्या मूळ घरी गणपतीला एकवीस-बावीस माणसं जमतात आणि पक्ष जमतात निदान पाच. पूर्वी तीनावर भागायचं. 2022 साली शिवसेना फुटली, 2023 साली राष्ट्रवादी फुटली. माणसं तेवढीच राहिली, पक्ष वाढले. दादा धनुष्यबाणाबरोबर गेला आणि त्याचा मुलगा मशालीबरोबर. आमचा गणपती दीड दिवसाचा आहे, त्यामुळे त्याला हे सगळं फार वेळ ऐकावं लागत नाही.

दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. तो बाणवाला, मी पंजावाला, आणि भांडण तीस वर्षांचं. मध्ये 2019 च्या नोव्हेंबरात आमचे पक्ष अचानक एका आघाडीत आले आणि पुढची अडीच वर्षं आम्हाला बोलायला विषयच उरला नाही. चतुर्थीला दोघे पडवीतल्या झोपाळ्यावर बसून मुकाट पाऊस बघायचो. वहिनीनं एकदा काळजीनं विचारलंसुद्धा, "तुमचं काही बिनसलंय का हो?"

रत्नागिरीत निष्ठा ठेवायची म्हटली तरी पंचाईतच. विधानसभेला 2004 साली इथे जे दोघे समोरासमोर होते, तेच दोघे 2024 साली समोरासमोर. पहिल्यांदा घड्याळ विरुद्ध कमळ, 2014 ला धनुष्यबाण विरुद्ध कमळ, आणि शेवटी धनुष्यबाण विरुद्ध मशाल. उमेदवार जागच्या जागी आणि चिन्हं फिरतीवर. अशा चिन्हांपायी आम्ही भाऊ-भाऊ तोंडं फिरवून बसायचो.

खरा भडका उडाला तो 4 जून 2024 ला. रत्नागिरी-सिंधुदुर्गची जागा युतीनं घेतली, म्हणून दादा जिंकला. राज्यात 48 पैकी 30 जागा आघाडीला गेल्या, म्हणून मी जिंकलो. हरलेला माणूस निदान गप्प तरी बसतो. आम्ही दोघेही जिंकलेले. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री अकरापर्यंत जे चाललं ते इथे लिहीत नाही. आत्या ग्रुप सोडून गेली एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

चतुर्थी 7 सप्टेंबरला होती आणि विधानसभा तोंडावर. वास्तविक सावरकर ज्या गावात 1924 पासून 1937 पर्यंत राजकारण न करण्याच्या अटीवर स्थानबद्ध होते, त्या गावच्या माणसांना आरती होईस्तोवर कळ काढता यायला हवी. (त्याच सावरकरांना भेटायला गांधीजी 1927 च्या मार्चात त्यांच्या घरी आले होते. पटत तर नव्हतं, पण गावात आले आणि भेटून गेले.) आम्हाला मात्र चहाच्या आधीच कंठ फुटला. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिनं विळी आमच्या मध्ये ठेवली, सोललेले नारळ आणून ओतले आणि नियम घालून दिला: एकानं खवायचं, दुसऱ्यानं बोलायचं. खवणाऱ्यानं ऐकायचं. वाटी संपली की पाळी बदलायची.

हा नियम साधा वाटतो, पण ज्यानं मोदकासाठी नारळ खवलाय त्याला त्यातली मेख कळेल. वाटी विळीच्या दात्यांवर फिरवत राहावी लागते. नजर हलली की बोट जातं, आणि मन हललं की दाते करवंटीच्या सालीला लागून खवात तपकिरी कण येतात. मग सारण मळकट दिसतं. म्हणजे चिडून खवता येत नाही आणि मध्ये तोंड घालता येत नाही. आपल्या पाळीच्या पहिल्या दोन वाट्या दादानं माझं भाषण आवरावं म्हणून भराभर खवल्या. तिसऱ्या खेपेला मी त्याच्यासाठी मुद्दाम मोठा नारळ निवडला. माणूस शिकतो.

मग माझी खवायची पाळी आली तेव्हा दादा बारसूला रिफायनरी का हवी यावर बोलायला लागला. हे त्याचं भाषण मला पाठ होतं. निदान असं मी समजत होतो, कारण आजवर त्याच्या दुसऱ्या वाक्याला मी ते तोडत आलो होतो. विळीवर बसल्यामुळे पाचवं-सहावं वाक्य पहिल्यांदाच कानावर पडलं. आणि त्यात रिफायनरी नव्हतीच. वाडीतली बंद घरं होती. कुठलं घर गणपतीपुरतं उघडतं, कुठलं तेवढंही नाही, कुणाच्या ओटीवर वारूळ आलंय, सगळी मोजदाद. शेवटी म्हणाला, "आपलंही त्यात धर. मी आहे तोवर." माझ्या हातातली वाटी कधीच रिकामी झाली होती, तरी मी ती फिरवत होतो.

मग रिफायनरीच्या विरोधात मी सड्यावरच्या कातळशिल्पांचं आणि कलमांचं बोललो. दादा ऐकत होता. तपकिरी कण आले, पण थोडेच.

त्या रात्री मला आठवण झाली ती टिळक-गोखल्यांची. दोघेही आमच्या जिल्ह्यातले. टिळक रत्नागिरीत जन्मले, गोखले दहा वर्षांनी गुहागरजवळच्या कोतळूकला. जन्मभर वाद. 1907 ला सुरतेच्या काँग्रेसमध्ये जहाल-मवाळांत जोडा उडाला, तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालाला लागून फिरोजशहा मेहतांवर गेला. पण 1915 च्या फेब्रुवारीत गोखले गेले तेव्हा टिळक सिंहगडावरून खाली उतरले, स्मशानात उभे राहिले, आणि कुणी टाळ्या वाजवल्या तेव्हा ही टाळ्यांची वेळ नव्हे असं सुनावून गोखल्यांना भारताचा हिरा म्हणाले. थोर भाषण. फक्त ज्यांना ऐकवायचं ते सरणावर होते. विरोधकाबद्दलचा बरा शब्द आपण असा शेवटच्या दिवसासाठी जपून ठेवतो.

म्हणून दुसऱ्या दिवशी विसर्जन झाल्यावर झोपाळ्यावर मी म्हटलं, "दादा, बंद घरांचं तुझं म्हणणं खरं आहे. माझ्याकडे त्याला उत्तर नाही."

दादानं पाय टेकून झोपाळा थांबवला. "डॉक्टरकडे जाऊन आलास काय?"

"नाही."

"मग माझे रिपोर्ट बघितलेस?"

"नाही रे."

"हां, म्हणजे नगरपालिकेला उभा राहतोयस."

बराच वेळ गेला. मग समोरच्या फणसाकडे बघत तो म्हणाला, "त्या कातळशिल्पांचंही तू अगदीच खोटं सांगत नव्हतास." आमच्याकडे याला मानपत्र म्हणतात.

नोव्हेंबरात दोघांनीही ज्याचं त्याला मत दिलं. आत्या ग्रुपवर परत आली. 2025 ची चतुर्थी 27 ऑगस्टला होती. नारळ सतरा खवले. सारणात तपकिरी कण एकाच वाटीतून आले, आणि ती वाटी माझी होती.